चुन्याची आत्साय

आमच्या लिउशी गावात माणसाला पोचवून आलं की आधी टोफू, मग बाकीचं. ताटात मासा असेल, डुकराचं मांस असेल, ऐपत असली तर बदकही असेल, पण पहिला घास पांढऱ्या टोफूचा. आणि तो टोफू मिन शुईगेनच्या घरचा. गावात टोफू करणारी आणखी दोन घरं होती, एरवी लोक त्यांचाही खायचे. पण मयताच्या दिवशी कुणी तिकडे वळलं तर समजायचं, शुईगेन तरी आजारी आहे, नाहीतर त्या घराचं शुईगेनशी वाजलंय. आणि शुईगेनशी वाजायला फार काही लागत नसे.

माणूस तोंडाचा फटकळ, आणि एका गोष्टीपायी तर पार वेडा. ती गोष्ट म्हणजे जिप्सम. उकळलेल्या सोयाबीनच्या दुधाला जिप्समच्या भुकटीचं विरजण लावलं की त्याचा टोफू धरतो. एवढंच त्या भुकटीचं काम. ना वास, ना चव, ना विष. ताप उतरेना तर आमचा वैद्य त्याच दगडाचा काढा देतो, आणि पोरं तोंड वाकडं न करता पितात. पण शुईगेन तिला असा जपायचा की नव्या सुनेला सासूनं इतकं जपलं असतं तर गावातली निम्मी भांडणं मिटली असती.

शरदात कोरडा वारा सुटला की तो दगड निखाऱ्यात भाजायला बसायचा. कमी भाजला तर कच्चा राहतो, जास्त भाजला तर मरतो, दुधात काही करत नाही. मग खलात कुटायचं, वस्त्रगाळ करायचं. तेव्हा तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, वाऱ्याच्या बाजूला पाठ, आणि अंगणात कुणी यायचं नाही. "धूळ आहे, धूळ! छातीत गेली की खोकत बसशील, डोळ्यात गेली की चोळत बसशील. आणि चोळायचं नाही, कळलं? पाण्यानं धुवायचं!" असं तो रस्त्यानं जाणाऱ्यालाही ओरडून सांगायचा. त्याला कुणी विचारलेलं नसायचं.

ती भुकटी पत्र्याच्या डब्यात जायची. डब्यावर कागद, कागदावर ब्रशनं तारीख. डबा रांजणात. आमच्या मुलखात बारा महिने पाणी, घराच्या पुढे कालवा नि मागे तळं, त्यामुळे घरोघर असा एक रांजण असतोच. तळाशी फडक्याच्या पिशवीत कळीचा चुना, तो हवेतली ओल पिऊन घेतो. त्यावर वेताची चकती, चकतीवर चहा, नवीन वर्षाच्या वड्या, जे काय कोरडं ठेवायचं ते. शुईगेनच्या रांजणात चहा नव्हता की वड्या नव्हत्या, फक्त जिप्समचा डबा. भाजलेल्या जिप्समला ओल लागली की त्याचा परत दगड होतो, मग ते टोफूच्या कामाचं नाही, भिंतीच्या भोकात भरायच्या कामाचं. म्हणून कोरडा हात, कोरडा चमचा, चमचा त्या एकाच कामाचा. सांडलं तर कोरडंच झाडून घ्यायचं, पाणी ओतून मोरीत ढकलायचं नाही. मोरीत घट्ट बसलं तर फोडायला छिन्नी लागते.

समोरच्या नूडल्सच्या दुकानातली झू वहिनी त्याला चिडवायची. "काय हो उस्ताद, जिप्सम आहे की मोत्याचं भस्म? एक चिमूट द्या की, तोंडाला लावून बघते."

"लाव लाव. तुझं तोंड तरी बंद होईल," शुईगेन म्हणायचा. मग लगेच गंभीर व्हायचा. "हसू नको, वहिनी. विषाला सगळेच जपतात. ज्याच्यात विष नाही तेच माणूस कुठंही टाकतो, कशातही मिसळतो. पांढरं म्हणजे सगळं सारखंच वाटतं लोकांना."

आणि आत्साय? आत्साय त्याची बायको. एकविसाव्या वर्षी या घरात आली ती चौतीस वर्षं जात्यापाशी उभी राहिली. सोयाबीन भिजवणं, दळणं, दूध गाळणं, चुलीवर उतू न देता उकळणं, साच्यात दाबणं, वड्या कापणं, दुकानात विकणं, भांडी घासणं, सगळं तिचं. विरजण तेवढं त्याचं. तो एका हातानं ओगराळं फिरवत दुसऱ्या हातानं कालवलेलं जिप्सम सोडायचा, दुधात फुलं फुटायला लागली की झाकण ठेवायचा आणि बिडी ओढायला बाहेर जायचा. गावानं नाव घेतलं ते त्या पाव घटकेच्या कामाचं. पहिल्या वर्षी तिनं एकदा डबा उघडून बघितला होता. तेव्हा तो तिच्यावर हात उगारून आला, मारलं नाही, पण म्हणाला, "हा माझ्या बापानं मला मरताना दिला. तू दुसऱ्याच्या घरची." दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच आल्याचा पाक घातलेला गरम मऊ टोफू तिच्यापुढं आणून ठेवला आणि म्हणाला, "खा आता. पाय धरू काय?" त्यावर तिला हसू आलं. असा तो संसार.

साठी उलटली आणि शुईगेन विसरायला लागला.

आधी बारीकसारीक. बिडी कानावर असायची नि घरभर शोधायचा. मग मुलीचं नाव. श्वेछिन त्यांची एकुलती एक, हांगचौला रेल्वेत नोकरीला, तिला तो फोनवर आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायचा. मग एक दिवस बाजारातून घरी येताना वाट चुकला. ज्या गावात जन्मला, जिथं आंधळा झाला असता तरी भिंतीला हात लावत घरी आला असता, त्या गावात. झू वहिनीनं हाताला धरून आणला. आत्सायनं तिला आत बोलावून चहा पाजला आणि म्हणाली, "वहिनी, कुणाला सांगू नका. पिऊन आला होता म्हणा."

"अगं पण तो पीत नाही."

"म्हणून काय झालं? आजपासून पितो म्हणा."

तिला भीती दुसरी कसलीच नव्हती. तो जेवायला विसरला तर ती भरवणार होती, कपडे उलटे घातले तर सुलटे करणार होती. पण ज्या दिवशी गावाला कळेल की मिन उस्तादाचं डोकं गेलं, त्या दिवसापासून कुणी त्याच्या हातचं खाणार नाही. आणि विरजण काढून घेतलं तर त्या माणसात उरतं काय? बिडी आणि शिव्या. हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती त्याच्यावर सारखी नजर ठेवून असायची. रांजणाजवळ मात्र तिला जाता येत नव्हतं.

ज्या वर्षी घाटावरचा दगडी पूल पाडून सिमेंटचा केला, त्या वर्षीची जूनमधली झड. महिनाभर सूर्य नाही. भिंतींना पाझर, रजईला वास, चपलांना बुरशी. अशात रांजणातला चुना लवकर संपतो. कळीचे खडे ओल पिऊन पिऊन फुलतात, फुटतात आणि त्यांची पांढरी भुकटी होते. ती काढायची, भाजीच्या वाफ्यावर टाकायची आणि नवे खडे भरायचे. शुईगेन हे काम दर दोन महिन्यांनी करायचा. त्या दिवशीही दुपारी त्यानं एकट्यानं बसून केलं. आत्साय दुकानात होती. आतून त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं, तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फेइ मास्तरांच्या आईचं मयत. ब्याण्णव वर्षांची म्हातारी, भरल्या घरातून गेलेली. दोनशे माणूस जेवायला. मास्तर स्वतः आदल्या दिवशी येऊन सांगून गेले होते. "शुईगेन, आईला तुझाच टोफू आवडायचा रे. तिच्या नावाचा चांगला कर." सकाळी उजाडल्यावर मास्तरांचे दोन पुतणे टोपल्या घेऊन दारात येऊन बसले. आत दूध उकळलं, टाकीत ओतलं, शुईगेननं विरजण सोडलं, झाकण ठेवलं, बिडी पेटवली.

झाकण काढलं तर टोफू नाही.

दूध पिवळट झालेलं, वर कसला तरी तवंग, आणि साबणासारखा वास. शुईगेन वाकून बघत राहिला. आत्सायनं कालवणाच्या वाडग्यात बोट बुडवलं. बुळबुळीत लागलं. जिभेच्या टोकाला लावलं तर चटकन भाजलं. चुना! तिनं आधी पळत जाऊन तोंड धुतलं, मग बोट धुतलं, आणि धुता धुता खिडकीतून तिची नजर मागच्या वाफ्याकडे गेली. लसणाच्या पातीवर पांढरा ढीग पडला होता. ती पावसातच बाहेर गेली आणि पायानं ढोसून बघितलं. ढीग हलला नाही. रात्रभराच्या पावसानं त्याचा दगड झाला होता. चुना असा घट्ट बसत नसतो. शरदात भाजून कुटून ठेवलेलं वर्षभराचं जिप्सम शुईगेननं वाफ्यावर फेकलं होतं, आणि मेलेला चुना जपून, हात कोरडे करून, डब्यात भरून ठेवला होता. वर तारीखही घातली होती.

ती घरात आली तेव्हा तो टाकीपाशीच उभा होता. तिच्याकडे त्यानं बघितलं ते कसं, हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. बाजारात हरवलेल्या पोराच्या डोळ्यांत असतं तसलं काहीतरी होतं, एवढंच म्हणायची. पण ते एक क्षणभरच. मग त्याचा चेहरा लाल झाला आणि तो ओरडला, "माझ्या रांजणाला हात कुणी लावला?"

पुतणे उठून आत आले. त्यांच्यामागे झू वहिनी, आणि तिच्यामागे नूडल्स खात बसलेली चार माणसं, हातात वाडगे घेऊनच. आमच्या गावात ओरडा झाला की लोक वाडगा खाली ठेवत नाहीत.

"कुणी लावला हात? बोल!"

आत्साय म्हणाली, "मी लावला."

"काय?"

"काल तू झोपला होतास तेव्हा मी चुना बदलायला गेले. मला वाटलं तुझं काम हलकं होईल. डब्यात चुना गेला वाटतं. चुकलं माझं."

एवढं बोलून ती खाली बघत उभी राहिली. शुईगेन तिच्याकडे बघत होता. त्याला खरंच आठवत नव्हतं, आणि ती म्हणाली ते त्याला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा त्याचा जीव भांड्यात पडला. आणि मग तो तिला जे बोलला, ते मी इथं लिहीत नाही. दोनशे माणसांच्या जेवणाचं काय, मास्तरांना तोंड कसं दाखवू, चौतीस वर्षांत एक गोष्ट सांगितली होती. पुतण्यांपैकी थोरला म्हणाला, "काकू, नशीब तुमचं की दूध नासलं. धरलं असतं तर माणसांच्या पोटात चुना घातला असता तुम्ही." झू वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, पांढरं ते सगळं जिप्सम वाटलं काय तुला?"

मोटरबोट पाठवून खालच्या गावाहून टोफू आणला. म्हातारीचं जेवण दुपार टळल्यावर झालं. लोकांनी मनात धरलं, अपशकुन म्हणाले. आणि तेव्हापासून तिला नाव पडलं, चुन्याची आत्साय. बाजारात भाव कमी कर म्हणाली की कोळीण म्हणायची, "तुझं काय बाई, चुना खपतो तुझा!" मीही हसलोय त्यावर. खोटं कशाला बोलू? हे खरं काय ते तिनं फार वर्षांनी, एका थंडीत, माझ्या आईजवळ पाय शेकत बसली असताना सांगितलं, आणि आईनं ते तिच्या माघारी आम्हाला सांगितलं. तोवर आम्ही सगळे हसून मोकळे झालो होतो.

त्या दिवसानंतर शुईगेननं रांजणाच्या झाकणाला साखळी आणि कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. आत्साय ते बघून आत गेली आणि दार लावून रडली. पण रडत बसायला वेळ नव्हता. आज चुना होता, उद्या दुसरं काही असलं तर? घरात पांढरं काय थोडं असतं? खायचा सोडा, मीठ, आणि उंदरांसाठी आणलेलं औषध. ते उंदराचं औषध तिनं त्याच दिवशी उचलून घराबाहेर केलं.

मग तिनं ठरवलं. तो न्हायला बसला की किल्ली खुंटीवर असायची. तिनं डबा काढला, मोरीपासून लांब नेऊन रिकामा केला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि त्यात तांदळाचं बारीक पीठ भरलं. तारखेचा कागद तसाच. पुढेही पीठ संपत आलं की ती तसंच भरत गेली; शरदात दगड भाजायची त्याला आठवणच उरली नव्हती. खरं जिप्सम तिनं स्वतः भाजायचं ठरवलं. तो दुपारी चहाच्या दुकानात पत्ते बघायला जायचा, खेळता येत नव्हतं आता, नुसता बघायचा. तेवढ्या वेळात ती पडवीत तोंडाला ओलं फडकं बांधून बसायची. पहिली खेप कच्ची, दुसरी मेलेली. दोन दिवसांचा टोफू डुकरांना गेला आणि गिऱ्हाइकांना तिनं सांगितलं, सोयाबीन खराब निघालं. तिसऱ्या खेपेला खडा बोटानं दाबल्यावर पिठासारखा फुटला आणि तिला आतून कळलं की हेच. कुणी शिकवलं नव्हतं. चौतीस वर्षं पाठमोऱ्या माणसाकडे बघून जेवढं शिकता येतं तेवढं ती शिकली होती.

ती भुकटी माहेरच्या बिस्किटांच्या डब्यात, डबा दोन पिशव्यांत, आणि पिशव्या रजयांच्या पेटीत, जमिनीपासून वर. रोज सकाळी शुईगेन उठायच्या आत ती मोजून जिप्सम कालवायची आणि टाकीच्या तळाशी ओतायची. मग त्यावर गरम दूध पडायचं, आणि शुईगेन एका हातानं ओगराळं फिरवत दुसऱ्या हातानं तांदळाच्या पिठाचं पाणी सोडायचा. फुलं फुटायची. तो मान डोलवायचा, झाकण ठेवायचा, बिडी ओढायला जायचा.

"बघितलंस? हाताला लागतं हे. वाचून येत नाही."

"नाही येत," आत्साय म्हणायची.

"तू हात नाही लावलास ना?"

"मी कशाला लावते? एकदा लावला तेवढा पुरे."

तीन वर्षं. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही. आणि गंमत बघा, गंमत कसली, दैव म्हणा, तिचा हात त्याच्यापेक्षा मऊ निघाला. तिच्या टोफूला ती किंचित तुरट चव नव्हती जी त्याच्या टोफूला कधीमधी असायची. लोक बोलायला लागले, "म्हातारपणी उस्तादाचा हात गोड झाला." फेइ मास्तर रुसवा विसरून परत यायला लागले. दुकानात वडी तोंडात टाकून म्हणाले, "शुईगेन, तुझ्या बापाच्या टोफूलाही ही चव नव्हती." शुईगेननं छाती पुढे काढली. आत्साय पाठीमागे साचे धूत होती. तिला तेव्हा काय वाटलं असेल? माझ्या आईनं विचारलं होतं. ती म्हणाली, "अंगावर काटा आला. वाटलं, एकदा तरी म्हणावं. मग त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता. त्या महिन्यात पहिल्यांदा हसला होता. मग साचे धुतले."

श्वेछिन वर्षाला दोनदा यायची. बापाची अवस्था तिला दिसत होती, पण विरजणापाशी तो उभा राहिला की तिलाही वाटायचं, अंगात मुरलेलं काम आहे, ते एवढं कसं विसरेल? आणि आईला म्हणायची, "आई, तू मात्र त्यात लक्ष घालू नको हं. मास्तरांच्या वेळेसारखं होईल."

"नाही गं. मी कशाला घालते?"

शेवटच्या शरदात शुईगेन तिचं नाव विसरला. तिला तो "ए, दुकानातली बाई" म्हणायला लागला. एकदा तिनं जेवण वाढलं तर म्हणाला, "तुमचे उपकार झाले. आमच्या घरी बायको वाट बघत असेल, मी जातो." ती म्हणाली, "बायको म्हणाली आहे, जेवून या." तेव्हा तो निमूट जेवला.

आणि एका सकाळी, थंडी पडायला लागली होती, तो नेहमीपेक्षा लवकर उठून बसला. ती टाकीवर वाकली होती, वाडगा हातात, जिप्सम ओतत होती. मागे चाहूल लागली आणि ती वळली. तो दारात उभा. पकडले गेले, तिला वाटलं. ओरडेल, साखळी दाखवेल, शेजार गोळा होईल. तो हळूहळू जवळ आला, तिचा हात धरला, उलटा करून बघितला. बोटांच्या चिरांत पांढरी भुकटी बसलेली होती. त्यानं ती अंगठ्यानं चोळून बघितली, जशी तो आयुष्यभर बघत आला होता. आपल्या सदऱ्याच्या कोपऱ्यानं तिची बोटं पुसली, एक एक.

"हात कोरडा ठेवत जा, आत्साय," तो म्हणाला.

मग परत जाऊन झोपला. त्यानंतर तो विरजणाला उठला नाही. त्याला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. दुकान चालूच होतं आणि गावाला वाटत होतं, उस्ताद आत आहे. नवीन वर्षाच्या आधी अठरा दिवस तो गेला.

श्वेछिन आदल्या दिवशीच पोचली होती. तिनं सगळं हातात घेतलं, पोरगी हुशार. पांढरी फडकी, धूप, आचारी, टेबलं. आत्साय त्याच्या उशाशी बसली होती. दुपारी ती उठली आणि सोयाबीन भिजत घालायला निघाली. दीडशे माणूस येणार, आताच भिजत घालायला हवं. श्वेछिननं तिला दारात अडवलं.

"आई, कुठं चाललीस?"

"सोयाबीन..."

"टोफू मी खालच्या गावाला सांगितलाय. सकाळी येईल." मग तिनं आईचा दंड धरला, आवाज मऊ केला. "रागावू नको. बाबांचं शेवटचं जेवण आहे. लोक येणार, मास्तर येणार. परत तसं काही झालं तर बाबांच्या नावाला... तू समजून घे ना."

सगळं आत्सायच्या तोंडापर्यंत आलं होतं. पोटची पोर, तिला सांगायला काय हरकत होती? पण पोरीला सांगायचं म्हणजे बापाचं काय सांगायचं? की तो तीन वर्षं तांदळाच्या पिठाचं पाणी ढवळत होता, आणि गाव त्याला उस्ताद म्हणत होतं? की ब्याण्णव वर्षांच्या म्हातारीच्या जेवणात चुना त्यानंच घातला होता? तो आत उताणा पडला होता, स्वतःची बाजू मांडायलाही उठणार नव्हता.

"बरं केलंस," ती म्हणाली आणि परत जाऊन बसली.

जेवणाला सगळं गाव होतं. मीही होतो. खालच्या गावचा टोफू होता, बरा होता. फेइ मास्तर आत्सायच्या समोर बसले होते. त्यांनी एक घास घेतला, काड्या खाली ठेवल्या आणि डोळे पुसले. "वहिनी, गेला महिनाभर मी तुमच्या दुकानातून टोफू नेत होतो. तो आजारी, तरी काय हात होता! तो गेला. आता ती चव नाही मिळायची." शेजारच्या कुणीतरी म्हटलं, "निदान आज चुना तरी नाही." लोक दबक्या आवाजात हसले. मयताच्या जेवणात थोडं हसलं तर आमच्यात चालतं. आत्सायही हसली. मग तिनं वाडग्यातला टोफू संपवला, सगळा.

सातव्या दिवशी तिनं दुकान उघडायचं ठरवलं. श्वेछिन म्हणाली, "तुला जमेल का? नको, माझ्याबरोबर चल." ती म्हणाली, "बसून काय करू? वाईटसाईट होईल तसं विकेन."

दूध उकळलं. तिनं रजयांच्या पेटीतून डबा काढला, हात पुसले, चमचा पुसला. आधी एका लहान वाडग्यात नेहमीच्या मापानं विरजण लावलं. ते धरल्यावर तो थरथरता पांढरा टोफू तिनं शुईगेनच्या फोटोपुढं नेऊन ठेवला, वर आल्याचा पाक घातला, उदबत्ती लावली. मग टाकीपाशी आली आणि माप घातलं. तोच टोफू आज दुकानात गेला असता तर दुपारपर्यंत मास्तरांच्या जिभेला कळलं असतं, संध्याकाळपर्यंत गावाला, की गेली तीन वर्षं हात कुणाचा होता. तिनं डब्यात परत चमचा घातला आणि आणखी एक माप टाकलं. जिप्सम जास्त पडलं तर कुणाला बाधत नाही. टोफू कडक होतो, खरबरीत होतो, एवढंच.

दार उघडल्यावर पहिली आली झू वहिनी. तिनं वडी हातात घेतली, दाबून बघितली, कोपरा मोडून तोंडात टाकला, आणि तिचे डोळे भरून आले.

"दगड झालाय गं. माणूस गेला तो हात घेऊनच गेला."

"हो ना," आत्साय म्हणाली. "तसा हात मी कुठून आणू?"

आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी वडी कापायला लागली.